स्टेशनमास्तरचा चेहरा का बदलला? भेदभाव वर्गात शिकवताना

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून निघालेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं संध्याकाळी मसूर स्टेशनवर उतरली. मुलांचे वडील खटाव तालुक्यात एका गावी कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथे तळं खोदायचं काम काढलं होतं. सुट्टी घालवायला वडिलांकडे निघालेल्या मुलांच्या अंगावर नवे कपडे होते आणि डोक्यावर जरीच्या टोप्या. येतोय म्हणून पत्र पाठवलेलं होतं, पण नोकरानं ते वडिलांना दिलंच नाही. त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही. फलाट रिकामा झाला तसा स्टेशनमास्तर जवळ आला आणि आपुलकीनं विचारू लागला, कुठं जायचंय, कोण तुम्ही? मुलगा पटकन बोलून गेला, आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहरा एकदम बदलला आणि तो मागे फिरून आपल्या खोलीत निघून गेला.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवला. त्या आठवणींच्या सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाच्या कामाची आहे. अस्पृश्यता ठाऊक असलेल्या, पण तिची झळ न लागलेल्या परदेशी माणसाला ती कशी समजवायची? दोन वाटा आहेत. एक म्हणजे सर्वसाधारण वर्णन करायचं, दुसरी म्हणजे प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगायचे. दुसरी वाट अधिक परिणामकारक, असं ठरवून बाबासाहेबांनी प्रसंग सांगितले.

आपल्या वर्गांत बहुतेक वेळा पहिली वाट धरली जाते. 'अस्पृश्यता ही समाजाला लागलेली कीड होती' हे वाक्य फळ्यावर येतं, वहीत उतरतं, परीक्षेत परत येतं आणि दोन गुण घेऊन जातं. मुलाच्या डोक्यात त्यानं काहीच हलत नाही. ती कीड कुठली, कोणाच्या हातून पसरत होती आणि माझ्या घरात ती कशी दिसते, हे त्याला कळलेलं नसतं. आठवी-नववीतल्या मुलांना भेदभाव म्हणजे नेमकं काय, हे उलगडून दाखवायचं असेल तर मसूरचा हा एक प्रसंग तीन-चार तासिकांना पुरतो.

सुरुवात स्टेशनमास्तरपासून करू. त्याला या मुलांबद्दल काय माहीत आहे? काहीच नाही. आधी त्यानं कपडे पाहिले आणि ही ब्राह्मणांची मुलं असावीत असं धरून चालला. मग एक शब्द ऐकला आणि मत फिरवलं. मुलं तीच, टोप्या त्याच. माणूस समोर असताना त्याला न पाहता त्याच्या गटाबद्दलचं आधीच तयार असलेलं मत त्याला चिकटवणं म्हणजे पूर्वग्रह. वर्गात एक गोष्ट मुद्दाम दाखवून द्यावी. स्टेशनमास्तरनं सुरुवातीला दाखवलेली आपुलकीसुद्धा पूर्वग्रहातूनच आली होती, फक्त तो मुलांच्या बाजूचा होता. 'चांगल्या घरातला दिसतो' असं म्हणून आपण कुणाला आधी खुर्ची देतो तेव्हा काय करत असतो, हा प्रश्न मुलं मग स्वतःच विचारतात.

आता बैलगाडीवाले. स्टेशनबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण या मुलांना कुणी गाडीत घेईना. विटाळ होईल ना! शेवटी स्टेशनमास्तरनंच तोड काढली. भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. गाडीवान कबूल झाला. मनातलं मत इथे कृतीत उतरलं, म्हणजे भेदभाव झाला. वर्गात विचारावं, या सौद्यात गाडीवानाला काय मिळालं? दुप्पट पैसे. काय गेलं? स्वतःची गाडी असून पायपीट करावी लागली. मग त्यानं हे का केलं? मुलं आधी म्हणतात, तो दुष्ट होता. थोडं थांबलं की कुणीतरी म्हणतं, गावात कळलं असतं तर लोकांनी त्याला नावं ठेवली असती. इथवर वर्ग आला की निम्मं काम झालं. भेदभाव चालू राहायला प्रत्येकाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. शेजारी काय म्हणतील ही भीती त्याला पुष्कळ होते.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड आहे आणि पाठ्यपुस्तकं बहुतेक तिथेच अडखळतात. त्याच आठवणींत बाबासाहेबांनी आपल्या शाळेचं वर्णन केलं आहे. वर्गात ते एका कोपऱ्यात बसत, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. संध्याकाळी तो तुकडा घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर इतर मुलं मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात आणि पाणी पीत. यांना नळाला हात लावायची बंदी होती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. 'नो पीऊन, नो वॉटर' अशा चार शब्दांत त्यांनी ते लिहिलं आहे. या प्रसंगात कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही. मास्तर कदाचित प्रेमळही असतील. शिपाई आपलं काम करतो. तरीही मूल तहानलेलं आहे. कारण तसा नियम आहे आणि नियम मोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. याला म्हणायचं व्यवस्था. गोष्टीत खलनायक शोधायची मुलांना सवय असते, सिनेमानं ती लावलेली आहे. खलनायक नसताना अन्याय कसा होतो हे समजायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा. अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत पहिली कात्री नेमकी याच चर्चेला लागते.

इथवर साहित्यानं काम केलं. आठवण, कथा, आत्मकथन आपल्याला एका माणसाच्या आत नेऊन बसवतं. पण तेवढ्यावर थांबलं तर एक धोका असतो. मुलं हळहळतात. 'बिचारे' म्हणतात. हळहळ संपली की तास संपतो. आत बसलेल्या मुलाला बाहेर काढून विचारायला हवं, की हा नळ कोणाच्या मालकीचा होता, नियम कुणी केला, तो बदलायचा प्रयत्न कुणी केला आणि कुणी अडवला? त्यासाठी इतिहास लागतो, आणि तोही कागदपत्रांसकट.

पाण्याचा धागा धरून महाडला जाता येतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला. पण तळ्यावर तीन वर्षं कुणी फिरकू शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेले हजारो लोक बाबासाहेबांबरोबर मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायच्या वेळी सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली होती. तळं खाजगी आहे, असा त्यांचा दावा होता. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. दावा पुढे चालतच राहिला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. अनादिकाळापासून फक्त सवर्णांनीच पाणी भरायचं अशी प्रथा होती, हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

ही साखळी फळ्यावर उभी मांडावी आणि प्रत्येक सालापुढे एकच प्रश्न ठेवावा, या दिवशी कोणाला काय करता आलं असतं? १९२४ चा ठराव करणारे नगरसेवक स्वतः एखाद्या अस्पृश्य माणसाला सोबत घेऊन तळ्यावर का गेले नाहीत? त्याच तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरू शकत होते, जनावरंही पीत होती, मग विटाळ नेमका कशाचा होता? ठराव मागे घेताना हात वर करणारे कोण होते? अस्पृश्यांच्या बाजूनं कायस्थ सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत चित्रे उभे राहिले, मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, आणि दुसऱ्या परिषदेला कुणी सवर्ण जागा देईना तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थानं दिली. ही नावं सांगायचा हेतू सगळ्यांना समान श्रेय वाटायचा नाही. प्रत्येक जातीत निवड करणारी माणसं होती, हे मुलांना दिसलं पाहिजे. नाहीतर 'त्या काळी सगळेच तसे होते' हे पळवाटेचं वाक्य तयारच असतं.

मग संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचं दुसरं कलम वाचून दाखवावं. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणावर बंधन घालता येणार नाही. संविधानात तलावाचा उल्लेख कशाला आला असेल, असं विचारलं की मागच्या बाकावरचा मुलगाही उत्तर देतो.

हा धडा अमेरिकेतल्या एका पद्धतीनं फार छान घेता येतो. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलेलं होतं आणि वर्गांत नुसती धुसफूस होती. मानसशास्त्रज्ञ एलियट आरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा द्यायचा, आणि तो त्यानं इतरांना शिकवल्याशिवाय कुणालाच धडा पूर्ण कळणार नाही. एरवी जिच्याकडे कुणी बघत नव्हतं तिचं ऐकावंच लागायचं. महाडचे असे पाच तुकडे सहज पडतात: कौन्सिलचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, २० मार्चची परिषद, अफवा आणि हल्ले, कोर्टाचा निकाल. पूर्वग्रहाविषयी शिकता शिकता एकमेकांवर अवलंबून राहायची सवयही लागते. भाषण देऊन ती लागत नाही.

बिचारेपणाचा दुसरा उतारा म्हणजे मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची होती, म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची. आपण मुलांना 'पावसाळ्यातला एक दिवस' लिहायला देतो. तिनं तर्क लढवला होता. वेद आमचेच आहेत, ते इतरांनी पाहू नयेत, असं ब्राह्मण म्हणतात. मग आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्माविना आहोत का? ज्या धर्मात एकानं सुख भोगायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, तसा धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा. या निबंधात रडगाणं नाही, राग आहे आणि रागाला धार आहे. भेदभाव सोसणारा माणूस म्हणजे कुणाच्या दयेची वाट पाहणारा, ही वर्गात घट्ट बसलेली समजूत एवढ्यानंच सैल होते. शेवटी ती आपल्याच लोकांनाही बजावते, की ज्ञानाचं औषध घ्या.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन याच कारणासाठी वरच्या वर्गांत उपयोगी पडतं. महारवाड्यानं सोसलेलं त्यांनी लिहिलं आहेच, पण महारवाड्यातल्या सुनांनी घरात काय सोसलं तेही लपवलेलं नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो दुसऱ्यावर करतच नाही, असं नसतं. हे मुलांना पेलेल का, अशी शंका शिक्षकांना येते. माझ्या मते मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. घरात धाकट्यावर कोण हात उगारतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

'पूर्वी असं होतं' या दोन-तीन शब्दांनी सगळा धडा वाया जातो. भूतकाळ लावला की सुटलो. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला नायक स्वतंत्र भारतातला आहे, शिकलेला आहे, रेल्वेत नोकरीला लागला आहे. त्याला राहायला खोली हवी आहे आणि खोलीसाठी जात लपवावी लागते. जात उघडी पडते तेव्हा मार खावा लागतो. पुस्तक १९६३ चं. यापुढे वर्गातल्या कुणालाही विचारावं, की मुंबई-पुण्यात भाड्यानं घर शोधताना पहिले दोन प्रश्न कोणते येतात? आडनाव काय आणि खाता काय. घरी काम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का, वधू-वर मेळाव्याच्या जाहिरातीत काय लिहिलेलं असतं, एखाद्या मुसलमान मित्राला सोसायटीत घर का मिळालं नाही, हे प्रश्न मुलांनी वहीत स्वतःपुरते लिहावेत. वाचून दाखवायची सक्ती नको.

हाच नियम अभिनयाच्या बाबतीतही पाळावा. जेन एलियट या शिक्षिकेचं उदाहरण आता पुष्कळांना माहीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवातल्या राईसव्हिल गावात त्यांनी तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वेगळं केलं. एक दिवस एका रंगाला वरचढ ठरवलं, नंतर दुसऱ्याला. वरचढ ठरलेली मुलं काही तासांत उद्धट झाली, दुसरी खचली. प्रयोग गाजला, वादग्रस्तही ठरला. आपल्याकडे काही उत्साही शिक्षक त्याची नक्कल करतात. कुणाला दाराबाहेर बसवतात, कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. एक फरक लक्षात ठेवावा. एलियटबाईंचा वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा होता, रंगावरून अपमान खऱ्या आयुष्यात कुणाच्याच वाट्याला आलेला नव्हता. आपल्या वर्गात तो ज्याच्या आजोबांच्या, कदाचित त्याच्या स्वतःच्याही वाट्याला आला आहे, असा मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. त्याला हा अनुभव द्यायची गरज नाही आणि इतरांना तो देण्यासाठी त्याला वापरायचा अधिकार कुणाला नाही.

या मुलाचा विचार आधी करावा. 'तू सांग, तुमच्यात काय अनुभव आहेत?' असा प्रश्न हेतू कितीही चांगला असला तरी विचारू नये. सगळ्या जातीचा प्रतिनिधी म्हणून एका तेरा वर्षांच्या पोराला उभं करणं हाही भेदभावच. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलू द्यावं. आणि हा धडा सुरू असताना ऑफिसातून कुणी येऊन 'शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत, एससीची मुलं उभी राहा' असं दारातून ओरडत असेल, तर आधी ते थांबवावं. फॉर्म मुलांना एकेकटं बोलावूनही देता येतात. जातवार नावं वाचायची सोय कुणाच्या वेळेसाठी आहे आणि भुर्दंड कोणाला, हा प्रश्न व्यवस्थेवरच्या धड्याला जोडून शिक्षकांच्या खोलीतही विचारावा.

जातीबरोबर इतर भेदभावांची तुलना करावी, पण सगळं एका मापानं मोजू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींतलं मूल जन्मतःच संशयित ठरवलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलीस कुठल्या वस्तीवर आधी जातात हे गावाकडच्या मुलांना विचारायला नको. अमेरिकेशी असलेलं नातं खरं आणि जुनं आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना जोतीरावांनी १८७३ चं 'गुलामगिरी' अर्पण केलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून. कातडीचा रंग दिसतो, जात दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते. आडनाव, गाव, बोली यांतून ती काढून घेतली जाते. मसूरच्या फलाटावर जरीची टोपी काही मिनिटं चालली, ती यामुळेच.

पालकांकडून तक्रार येते. 'आमच्या मुलाला जात माहीतच नव्हती, तुम्ही शिकवलीत.' यावर वाद घालण्यापेक्षा मुलाची वही दाखवावी. बहुतेक वेळा त्यानं घरातलीच निरीक्षणं लिहिलेली असतात. काही पालक शांत होतात, काही होत नाहीत. मुख्याध्यापक पाठीशी असतील तर शिक्षकाचा निभाव लागतो. म्हणून हा धडा एकट्यानं सुरू करू नये, मराठी, इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून करावा.

राहिली परीक्षा. 'महाड सत्याग्रहाचे महत्त्व सांगा' असा प्रश्न आला की मुलं पुन्हा किडीवर येतात. त्याऐवजी असं विचारून पाहावं: चवदार तळं खुलं केल्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये केला. १९२७ पर्यंत तो अमलात का आला नाही? नगरपालिका, सवर्ण रहिवासी आणि सरकार यांपैकी एकाच्या बाजूनं आठ ओळी लिहा आणि त्या आठ ओळींतली कोणती ओळ तुम्हाला खोटी वाटते ते शेवटी सांगा.